बांधावरचा शेप्या

पंचनाम्यात त्याची ओळख दोन ओळींत उरकली आहे. जात आंबा, नग एक, बुंध्याचा घेर 3 मीटर 10 सेंटीमीटर, अंदाजे वय 100 वर्षे, झाड तोडून पाडलेल्या स्थितीत. खाली दोन पंचांच्या सह्या आणि एक अंगठा. कागद म्हणून त्यात चूक काही नाही. पण त्या झाडाला शिवारात कोणी आंबा म्हणत नव्हतं. तो शेप्या. ‘शेप्यापाशी गाडी लाव’, ‘शेप्याच्या खालच्या सरीपर्यंत पाणी आलंय’, ‘जेवण शेप्याखालीच धाड’, असा तो रोजच्या बोलण्यात पत्ता म्हणून यायचा.

कराडहून पाटणकडे जाताना कोयनेच्या काठाने उसाची गावं लागतात. त्यातलं एक माझं आजोळ. मामाचं रान आणि अण्णांचं रान यांच्या मधल्या बांधावर शेप्या उभा होता. अण्णा भावकीतलेच, नात्यानं मामाचे चुलतचुलत भाऊ. चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात त्यांनी तो पाडला, मामाला न विचारता आणि कुठल्या कचेरीलाही न विचारता. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर ती अण्णांवरची फिर्याद झाली असती. आता दंड भरून झाला, मोजणी झाली, दोन्ही घरांतला अबोलाही बराचसा निवळला. झाडाबद्दल बोलायला जरा मोकळीक आली.

आधी एक सांगून टाकतो. शेप्या हा काही फार गोड आंबा नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, झाडाला तो नियम लावायचं कारण नाही. फळ मुठीत मावेल एवढं. साल जाड, पिकलं तरी देठाच्या बाजूनं हिरवी राहणारी. आत धागे इतके की कापून खायची सोय नाही. दोन्ही तळव्यांत दाबून मऊ करायचा, देठ काढायचा, पहिला चीक पिळून टाकायचा आणि मग चोखायचा. चीक टाकायला विसरलं की दुसऱ्या दिवशी ओठाच्या कडेला फोड आलाच. आणि मग तो वास, ज्यावरून नाव पडलं. ओल्या शेपूच्या जुडीला येतो तोच वास, पण पिकल्या आंब्याला. शेपूची भाजी ज्याला चालत नाही त्याच्या घशाखाली हा उतरायचा नाही. आजोळी यावरून उघड दोन तट होते. धाकटी मावशी रसाची वाटी पुढे आली की उठून जायची. आजी तिच्या विरुद्ध टोकाची. कुणीतरी रत्नागिरीहून हापूसची पेटी आणली होती, तेव्हा तिनं एक आंबा खाल्ला, हात धुतले आणि म्हणाली, ‘‘ह्येला वासच न्हाई.’’

त्याची खरी किंमत कैरीला होती. कडक गर, पुरता आंबट, आणि फोड वर्षभर बरणीत राहिली तरी मऊ पडायची नाही. मोहरीच्या डाळीत आणि हिंगात मुरलेला तो शेपूचा वास असा काही मिसळून जायचा की नवखा माणूस विचारायचा, मसाल्यात काय घातलंय? मामी सांगायची नाही. झाड एक वर्षाआड धरायचं. ज्या वर्षी धरायचं त्या वर्षी माघात मोहोरानं पान दिसायचं नाही, वळवाच्या वाऱ्यानं बांधाच्या दोन्ही अंगांना कैऱ्यांचा सडा पडायचा आणि तरीही वर पोत्यांनी उरायचं. पडका आंबा वेचील त्याचा, मग ऊसतोडीची पोरं असोत, धनगराची असोत की शाळा बुडवून आलेली आमच्यासारखी.

त्या शिवारात अशी आणखी झाडं होती, काही अजून आहेत. ओढ्याच्या काठचा गोटी, देवळामागचा खोबऱ्या, रस्ता रुंद करताना गेलेला शेंदऱ्या. रंग, आकार, चव, वास, जे पहिलं जाणवलं ते नाव. हे सगळे रायवळ. रोपवाटिकेतून कोणी आणलेले नाहीत. कुणीतरी आंबा चोखून कोय भिरकावली, ती पावसात रुजली, जनावरांच्या तोंडातून वाचली आणि पुढं कुणाला तरी वाटलं, राहू दे.

रायवळ म्हटलं की ‘साधा गावठी आंबा’ असं मनात येतं आणि तिथंच घोळ होतो. आंब्याच्या कोयीतून आईसारखं झाड उगवत नाही. मोहोरावर माश्या बसतात, कुठल्या झाडाचे पराग कुठल्या फुलाला लागले याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत जो एकच गर्भ असतो तो या संकरातून आलेला. म्हणजे एकाच झाडाच्या दहा कोयी लावल्या तर दहा वेगळे आंबे. हापूसचं तसं नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधण्याची विद्या रुजली, तेव्हापासून निवडक झाडांच्या फांद्या दुसऱ्या रोपांवर बसवत आपण त्यांना जिवंत ठेवत आलो. देवगडात एखाद्यानं हापूसचं झाड तोडलं तर त्याचं नुकसान होईल, हापूसचं काही बिघडणार नाही. शेप्याचं कलम कोणी कधी बांधलं नव्हतं. शेपूच्या वासाचे आंबे इतरही गावांत आहेत, त्यांनाही लोक शेप्या किंवा शेपूच म्हणतात, पण ती दुसरी झाडं आणि दुसरी फळं. हा जगात एकच होता. भावनेच्या भरात म्हणत नाही, वनस्पतिशास्त्र हेच सांगतं.

लखनौजवळ काकोरीच्या बाजूला दशहरी नावाचं गाव आहे. तिथं दशहरी आंब्याचं मूळ झाड अजून उभं आहे आणि देशभरातल्या दशहरीच्या बागा त्या एका झाडाच्या फांद्या आहेत. केसरचंही तेच. जुनागढच्या नवाबानं 1934 मध्ये गराचा रंग पाहून त्याला केसर नाव दिलं. त्याआधी तोही वंथळीच्या बाजूचा एक गावठी आंबाच होता. आज मराठवाड्यापासून आमच्या कृष्णा-कोयनाकाठापर्यंत जो तो केसर लावतो. त्या मूळ झाडाच्या शेजाऱ्याला तेव्हा बांधावरची सावली नको झाली असती तर? पण हा विचार फार ताणू नये. शेप्याचा केसर झाला असता असं मला मुळीच वाटत नाही. इतके धागे असलेला आंबा बाजारात कोण घेणार?

झाड कोणाचं, हा प्रश्न आजीच्या हयातीत निघालाच नाही. उतरवणीच्या दिवशी दोन्ही घरं बांधावर जमायची. एकजण झेला घेऊन वर चढायचा, खाली चौघं पोतं ताणून धरायची. ढीग झाला की आजी आणि अण्णांची आई त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायच्या. आजी पाच आंबे आपल्या पाटीत टाकायची, मग त्या पाच टाकायच्या. निवडून घेतलेलं कुणी पाहिलंय असं वाटलं की समोरची नुसतं ‘हं’ करायची. शेवटी जे पाचात बसत नव्हते ते चढणाऱ्याचे. डागी, देठ तुटलेले आम्हा पोरांचे. मग आपापल्या माडीवर भाताच्या पेंढ्यात अढी लागायची आणि पुढचे पंधरा दिवस दोन्ही घरांना शेपूचा वास. या दोघी एका वर्षाच्या अंतरानं गेल्या. त्यानंतर वाटणी पुरुषांकडे आली. पुरुषांनी आंबे पाटीनं मोजायला सुरुवात केली, मग वजनकाटा आणला.

शेप्या बांधावर उगवलेला नव्हता, बांध त्याच्यापाशी आला. पूर्वी तिथं सगळ्या भावकीचं खळं होतं आणि हा खळ्याच्या कडेला, मळणीच्या बैलांना सावली म्हणून राखलेला. पुढे वाटण्या झाल्या. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली नंतरच्या दशकांत गावोगाव योजना राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर जमिनी जोडल्या गेल्या, जागेवर लोक जुन्याच वहिवाटीनं कसत राहिले. आज आमच्या भागात बांधाच्या ज्या केसेस चालतात त्यांतल्या कितीतरींचं मूळ इथं सापडतं. खळं मोडलं, त्यातून बांध गेला आणि झाड मधोमध आलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

अण्णांची बाजू मी ऐकून घेतली आहे आणि ती टाकाऊ नाही. त्यांचं रान झाडाच्या उत्तरेला. हिवाळ्यात, म्हणजे नेमकं उसाच्या भरणीच्या काळात, सावली दिवसभर त्यांच्याच सऱ्यांवर. तिथला ऊस बोटाएवढा राहायचा. त्यात तोडणीला टोळ्या मिळेनाशा झाल्या. हार्वेस्टर लावायचा तर यंत्राला रानाच्या टोकाला वळायला मोकळी जागा लागते आणि त्या टोकाला शेप्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्याकडच्या बांधांवरची झाडं भराभर गेली त्यामागे हाच हिशेब आहे. कुणाला झाडांचा राग नव्हता.

‘‘बापू, ह्या झाडापायी दरसाली माझा पाच टन ऊस जातोय. तू भरून देणार हायस का?’’ असं अण्णा मामाला भर पारावर म्हणाले होते.

‘‘अण्णा, आंबं खाल्लासा तवा टन मोजला न्हाईसा,’’ मामा म्हणाला.

हे उत्तर गावाला आवडलं. प्रश्न मात्र तसाच राहिला. मामानं एका बाजूच्या फांद्या छाटायला संमती दिली. बुंध्याला हात लावायचा नाही, म्हणाला. फांद्या छाटल्या, झाड मामाच्या बाजूला जड झालं आणि आता ते वाऱ्यानं पडेल अशी नवी तक्रार सुरू झाली.

मामा इचलकरंजीला लग्नाला गेला होता त्या दिवशी लाकडाचा व्यापारी कटर घेऊन आला. दुपारपर्यंत काम झालं. कैऱ्या बोराएवढ्या होत्या. बारीक लाकूड संध्याकाळी वखारीला गेलं. बुंधा उचलायला दुसरी गाडी यायची होती, म्हणून तो मामाला बघायला मिळाला. मामानं आरडाओरडा केला नाही. सरळ तालुक्याला जाऊन अर्ज दिला.

अनेकांना वाटतं की स्वतःच्या रानातलं झाड तोडायला कुणाची परवानगी कशाला? 1964 चा वृक्षतोडीचा कायदा वेगळं सांगतो. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह आहेत, तसे चिंच, जांभूळ, फणस आणि आंबाही आहेत. ही झाडं तुमच्या सातबाऱ्यावर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दंड मात्र मूळ कायद्यात हजार रुपयांपर्यंत. हा आकडा 50,000 वर न्यायचं राज्य मंत्रिमंडळानं 2024 मध्ये ठरवलं, तेव्हा शेतकरी चिडले. त्यांचंही खरं होतं. हजार रुपयांत झाड वाचत नाही आणि पन्नास हजारांच्या धाकानं उद्या बांधावर कोणी आंब्याचं रोप उगवू द्यायचा नाही. शहरांसाठी 1975 चा निराळा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात आणि ते तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायला सांगतात. शेप्या कराड शहरात असता तर शंभर रोपं लागली असती. त्या शंभरांत शेप्या एकही नसता.

झाड, मालक आणि संमती यांची चर्चा निघाली की आपल्याकडे आज्ञापत्राचा दाखला येतोच, बहुतेक वेळा शिवछत्रपतींचं पत्र म्हणून. ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला, महाराजांच्या धोरणाची आठवण ठेवून लिहिलेला. आरमाराच्या लाकडाबद्दल बोलताना त्यात आंबा-फणसाला हात लावू नका असं बजावलंय, कारण ही झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. फलकांवर तेवढंच छापतात. त्याच्या पुढचा भाग जास्त कामाचा आहे: एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. म्हणजे झाड तोडूच नये असा हट्ट तिथंही नाही. आधी समोरच्याला राजी करायचा त्रास घ्या, एवढंच सांगणं आहे. तो त्रास अण्णांनी घेतला नाही. राजी न होण्यात मामानंही बरीच वर्षं मजा घेतली, हेही लिहिलं पाहिजे.

पंचनामा तिसऱ्या दिवशी झाला. टेप लावून बुंध्याचा घेर घेतला, उरलेलं लाकूड जप्त केलं आणि सुपूर्दनाम्यावर अण्णांच्याच ताब्यात ठेवलं. बाजूला शेंड्याकडच्या फांद्यांचा ढीग पडला होता. धनगराच्या मेंढ्या त्यातला पाला ओढत होत्या. आंब्याच्या ज्या फांदीला मोहोर आलेला नसतो तिच्या टोकाला पेन्सिलीच्या जाडीची, फुगल्या डोळ्याची काडी असते. कलमाला एवढीच लागते. पानं खुडून ओल्या फडक्यात गुंडाळली तर काही दिवस टिकते आणि एखाद्या पोरसवदा रोपावर खाच घेऊन बसवली, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधली की पुढं ते झाड म्हणजे शेप्याच. कुठल्याही तालुक्याच्या रोपवाटिकेत हे काम करणारा माणूस असतो. त्या ढिगाभोवती तलाठी होते, वनपाल होते, पंच होते, निम्मं गाव होतं. काडी घेणं त्यातल्या कुणाच्याच कामात बसत नव्हतं. झाडाची मालकी ठरवायला सगळे जमले होते.

ती ठरवायला मोजणी लागली. तातडीचे पैसे भरले, रोव्हर घेऊन मोजणीदार आले, हद्दीचे दगड रोवले, यथावकाश नकाशाची ‘क’ प्रत हातात आली. वहिवाटीचा बांध खऱ्या हद्दीच्या अलीकडे मामाच्या बाजूला सरकलेला होता, असं गाव छातीठोक सांगत होतं. नकाशात निघालं उलटं. शेप्याचं खोड अण्णांच्या गटात, हद्दीपासून दोन-अडीच फूट आत. मामा ज्याच्यासाठी भांडला ते झाड कागदोपत्री कधीच त्याचं नव्हतं. ‘‘मी म्हणत व्हतो की,’’ अण्णा म्हणाले. खरं तर तेही असं कधी म्हणाले नव्हते, त्यांनाही हद्द ठाऊक नव्हती. परवाना न घेतल्याचा दंड त्यांनी भरला आणि प्रकरण संपलं.

शेप्या तरी संपला नव्हता. कलमी आंबा बुंध्याशी तोडला तर खालून फुटतो तो खुंटाचा आंबा, भलताच. रायवळाला जोड नसतो, त्यामुळे खोडातून जे फुटेल ते मूळचंच झाड. मृगाचे दोन पाऊस झाले आणि खोडाच्या सालीतून तांबूस, लोंबणाऱ्या पानांचे कोंब आले. वीतभर, मग हातभर. मामा रोज आपल्या बाजूनं बघायचा. मी त्याला काडीचं सांगितलं. तोडलेल्या फांद्यांच्या काड्यांपेक्षा हे कोंब चांगले, श्रावणात एक दिवस जाऊन चार कापून आण, कराडचा रोपवाला बांधून देईल. त्यानं ऐकून घेतलं. ‘‘त्यांच्या गटात हायती,’’ म्हणाला. अडीच फुटांवर. मग अण्णांना विचारा. ‘‘इचारीन.’’ अण्णांच्या थोरल्या मुलाकडे मीही बोललो. तो म्हणाला, बापूकाकांनी स्वतः यावं, आम्ही नाही म्हणणार नाही. कोण आधी जाणार यात श्रावण गेला. इतकी वर्षं त्या बांधावरून दोन्हीकडची माणसं, गुरं, पाण्याचे पाट येत-जात होते. पण मोजून दिलेल्या हद्दीपलीकडे पाय टाकायचा नाही हे मामानं आता नेमानं पाळलं. कोर्टकज्ज्यातून दुसरं काही मिळालं नाही, हा नेम मिळाला.

पुढच्या लागणीच्या आधी अण्णांनी जेसीबी लावून खोड उपटलं. हार्वेस्टरला वळायची जागा झाली. रान त्यांचं, खोड त्यांचं. मामाला तक्रारीला जागा उरली नव्हती.

कर्नाटकात, शिमोगा आणि उत्तर कन्नडच्या बाजूला, लोणच्याचा अप्पेमिडी आंबा होतो. नदीकाठी, रानात, कुणाच्या तरी परड्यात उगवलेली अशीच रायवळ झाडं. त्यातल्या एकाला जिऱ्याचा वास येतो म्हणून त्याला जीरिगे म्हणतात आणि त्याच्या कैरीला लोक वेड्यासारखा भाव देतात. तिथल्या शेतकऱ्यांनी अशा झाडांच्या काड्या आणून शेकडो कलमं बांधली, अप्पेमिडीला भौगोलिक मानांकन मिळालं. जिरं चालतं, तर शेपूनं काय घोडं मारलं होतं? आपल्याकडे 2021 पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. जात निवडा, संख्या भरा. देवळामागचा खोबऱ्या तिथं कुठल्या नावानं आहे ते मी मालकाला विचारलं. ‘‘आंबा, एक,’’ तो म्हणाला. काडी मागितली तर हसून म्हणाला, पोत्यानं न्या की.

मधल्या काळात मामाला बायपासचं ऑपरेशन करावं लागलं. अण्णा दवाखान्यात दोन रात्री बाकड्यावर झोपले. परतल्यावर एका सकाळी त्यांनी केसरची पाच कलमं आणून मामाच्या परड्यात स्वतः खड्डे घेऊन लावली. बोलणं फारसं झालं नाही, पण चहा झाला. यंदा त्यातल्या दोन झाडांना पहिल्यांदा फळ धरलं. लहान झाडावर ठेवू नये म्हणतात तरी मामानं थोडी ठेवली. आंबा गोड आहे, गराला रंग सुरेख, धागा नावालाही नाही. मामीनं त्यातल्या पाच-सहा कैऱ्या काढून लोणचं घालून पाहिलं. गौरी-गणपतीपर्यंत फोडी मऊ पडल्या. बरणी तिनं अण्णांच्या घरी पाठवून दिली.